वॉर्ड शांत होता

अध्यक्षमहाराज, वाचनालयाची मंडळी आणि माझ्या मैत्रिणींनो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘पहिली तीन वर्षं आणि पाळणाघर’. पाळणाघराकडे मी येणार आहे, शब्द देते. आधी सांगा, इथे आज्या किती? हात वर करा बघू. आणि दिवसभर नातवंडं सांभाळणाऱ्या किती? बघा, तेच हात आहेत! म्हणजे अर्धं व्याख्यान तुम्हाला पाठच आहे. उरलेलं अर्धं एका खाटेपाशी सुरू होतं.

मी मुलांच्या वॉर्डात नुकतीच सिस्टर म्हणून लागले होते, तेव्हाची गोष्ट. अडीच वर्षांचा मुलगा. त्याला बाळू म्हणू. मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजन लावून टांगलेला, तीन आठवडे तसाच राहणार. आईला मुलाजवळ राहू द्यायची पद्धत तेव्हाही बऱ्याच रुग्णालयांत होती, आमच्याकडे नव्हती. भेटीची वेळ चार ते सहा. आई खेड्यातली, घरी अंगावर पिणारं दुसरं मूल. ती यायची आठवडी बाजाराच्या दिवशी, एसटीने.

पहिले दोन दिवस बाळूने वॉर्ड डोक्यावर घेतला. दारात कुणाच्याही बांगड्या वाजल्या की मान वळायची. तिसऱ्या दिवशी आवाज बसला. चौथ्या दिवशी तो रडायचा थांबला. भरवलं तर खायचा, इंजेक्शनला हात पुढे करायचा. रिपोर्ट बुकात मी लिहिलं, ‘पेशंट क्वायट अँड कोऑपरेटिव्ह’. राउंडला शाबासकी मिळाली.

आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या, झाडूपोछा करणाऱ्या. त्यांनी बाळूच्या आईकडून तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागून घेतला होता आणि उशीखाली सारला होता. बाळू तो गालाशी धरून झोपायचा. मी तो पाहिला, मळका वाटला. जंतुसंसर्गाचा नियम होता. मी तो धुलाईच्या पिशवीत टाकला. मावशी म्हणाल्या, “सिस्टर, त्याला आईचा वास हाय, राहू द्या.” मी ऐकलं नाही. सगळ्या नोकरीतली ती एक गोष्ट मला आजही रात्री जागं ठेवते.

पुढच्या बाजाराला आई आली. पेढा आणला होता. बाळूने तिच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. ती हाक मारत राहिली, तो भिंतीवरच्या रंगाचे पोपडे नखाने काढत राहिला. “रुसलाय,” ती मला म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला. सहा वाजले, घंटा झाली, ती गेली. ती दारातून दिसेनाशी झाल्यावर बाळूने मान वळवली आणि दाराकडे बघत राहिला. रडला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात आम्हाला जुनी ब्रिटिश फिल्म दाखवली. जेम्स रॉबर्टसन यांची, 1952 सालची. हा माणूस युद्धकाळात लंडनला बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉईड यांच्या पाळणाघरात बॉयलर सांभाळायचा. तिथली शिस्त अशी की स्वयंपाकी असो की बॉयलरवाला, मुलांमध्ये जे दिसलं ते प्रत्येकाने कागदावर लिहायचं. (आमच्या मावशींना कुणी कागद दिला असता तर!) पुढे रॉबर्टसन मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करू लागले. आईपासून तुटलेली मुलं रुग्णालयात आधी आकांत करतात, मग हताश होतात, मग अलिप्त होतात, असं ते सांगत, आणि डॉक्टरांना ते पटत नव्हतं. म्हणून त्यांनी हातात कॅमेरा घेतला. लॉरा नावाची अडीच वर्षांची मुलगी, हर्नियाची शस्त्रक्रिया, आठ दिवस. निवडून रडकेच क्षण टिपले असं कुणी म्हणू नये म्हणून रोज ठरलेल्या वेळी चित्रण, आणि चौकटीत वॉर्डातलं घड्याळ. लॉरा फार रडत नाही. शहाण्यासारखी बसते, अधूनमधून आई कुठे आहे ते विचारते. घरी निघताना मात्र आईचा हात धरत नाही.

काही महिन्यांनी तिने ती फिल्म चुकून पाहिली आणि रागाने आईला विचारलं, तू तेव्हा कुठे होतीस? आणि रडत वडिलांकडे गेली.

फिल्म संपली तेव्हा मला पोपडे काढणारं ते नख दिसत होतं.

लंडनमध्ये ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा डॉक्टर आणि नर्सेस चिडले होते. मी त्यांना हसणार नाही, मीही चिडले असते. पण 1959 मध्ये ब्रिटिश सरकारच्या प्लॅट समितीचा अहवाल आला आणि त्याने मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना केव्हाही येऊ द्या असं सांगितलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. पळते आता.

पुस्तकात अटॅचमेंट म्हणतात, आपल्याकडे लळा. लळा लागतो आणि लावावाही लागतो, दोन्ही खरं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात 26 कुटुंबांत बसून तान्ही मुलं पाहिली, मग अमेरिकेत बाल्टिमोरला. त्यांनी वर्षभराच्या मुलाला आईपासून काही मिनिटं दूर केलं आणि आई परत आल्यावर ते काय करतं ते पाहिलं. बहुतेक मुलं धावत जातात, चिकटतात, शांत होऊन पुन्हा खेळायला लागतात. काही मुलं मात्र बघतच नाहीत, खेळण्यात डोकं घालतात. ती स्वतंत्र आहेत असं वाटतं. 1977 मध्ये अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजल्याचं प्रसिद्ध झालं, तर ते वाढलेले निघाले. वरून शांत, आतून धावतंय. माझं ‘क्वायट’ आठवतंय ना?

आता नोकरी करणाऱ्या मुलींना मी घाबरवायला आलेले नाही. 1964 साली ग्लासगोतल्या 60 बाळांचा अभ्यास आला. वर्ष-दीड वर्षाच्या बहुतेक बाळांना एकापेक्षा जास्त माणसांचा लळा होता, वडील, आजी, शेजारीण. रोमानियात 2000 पासून अनाथालयातल्या 136 मुलांवर काम झालं. त्यातली जी दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांचा लळा जास्त सावरला. आईच हवी असं नाही, पण तेच ते माणूस हवं. म्हणून पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतीवरचा मिकी माउस बघू नका. तिथल्या ताई किती वर्षं टिकल्यात आणि एका ताईकडे किती मुलं आहेत, ते विचारा.

कायद्याचं एका वाक्यात. 2017 पासून 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा, आणि 50 माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर, जिथे आईला दिवसातून चारदा जाता येतं. ऊसतोडीला गेलेल्या बाईला यातलं काही नाही. तिचं मूल उसाच्या फडाच्या बांधावर असतं. यावर वेगळं व्याख्यान हवं, मला बोलवा.

आणि जंतूंचं राहिलंच. 2021 मध्ये पाच देशांतला अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. 1 ते 1.8 किलोची बाळं जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवली, आई अतिदक्षता कक्षातच. मृत्यू चतुर्थांशाने घटले, आणि जंतुसंसर्गही कमी झाला. ज्याच्या भीतीने मी लुगडं फेकलं होतं, तोच.

हो हो, संपवते. उद्या ज्यांचं मूल पहिल्यांदा पाळणाघरात जाणार आहे त्यांनी मागच्या दाराने निसटू नका. ते खेळात आहे तोवर पळ काढायचा सल्ला तुम्हाला दहाजणी देतील. समोर बसा, सांगा, “मी जातेय, तुझा वरणभात झाला की येते.” ते रडेल, रडू द्या, ताईंच्या कडेवर द्या. पिशवीत तुमची एक न धुतलेली ओढणी ठेवा. आणि वरणभात झाला की या.