रिफ्यूज्ड की टाइम्ड आउट, आधी ते सांगा

मंडळी, रविवार, त्यात मेगाब्लॉक, तरी एवढे जण दादरपर्यंत आलात, खूप बरं वाटलं.

घरचा मेल सर्व्हर कनेक्ट होत नाही म्हणून लोक माझ्याकडे येतात ना, ते बहुतेक पासवर्ड बदलून, राउटर रिसेट करून, सगळं परत इन्स्टॉल करून मगच येतात, आणि एरर काय होती विचारलं तर ती कोणी नीट वाचलेलीच नसते. जीव हळहळतो, कारण अर्धं उत्तर तिथेच होतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे तुमची हाक पोचली, पलीकडून कोणीतरी नाही म्हणालं. बहुतेक वेळा मशीन चालू असतं, रस्ता ठीक असतो, फक्त त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारावर, ऐकणारं कोणी नसतं. 'टाइम्ड आउट' म्हणजे उत्तरच नाही, मधे फायरवॉलने पॅकेट गिळलं नाहीतर पत्ताच चुकला. दोन वेगळे आजार आहेत हे, औषध एक कसं चालेल?

माझ्या मुलुंडच्या घरी जुन्या लॅपटॉपवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर आहे. त्याच मशीनवरून टेलनेटने, म्हणजे एखाद्या पोर्टला थेट जोडून बघायच्या कमांडने, मेलच्या २५ पोर्टला गेलो की २२० ने सुरू होणारी ओळ यायची, म्हणजे सर्व्हर जिवंत, पण बायकोच्या लॅपटॉपवरून रिफ्यूज्ड. दोन संध्याकाळी मी राउटरच्या मागे लागलो होतो. मग कोण कुठे ऐकतंय ते दाखवणारी एसएस कमांड चालवली तेव्हा दिसलं, पोस्टफिक्स फक्त १२७.०.०.१ वर ऐकतोय, म्हणजे स्वतःपुरतंच! कुठल्या पत्त्यांवर ऐकायचं ते ठरवणारी, पोस्टफिक्सच्या सेटिंगमधली इनेट इंटरफेसेसची ओळ बदलली आणि पोस्टफिक्स पूर्ण बंद करून चालू केला, कारण या सेटिंगला नुसतं रीलोड पुरत नाही, हे लिहून ठेवा.

पुढे पावसाळ्यात लाइट गेले, राउटर परत चालू झाला आणि सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.५ चा १९२.१६८.१.९ झाला. राउटरमध्ये आयपी रिझर्व्ह केला, संपला विषय.

घराबाहेरचं प्रकरण मात्र वेगळं. स्पॅममुळे बरेच प्रोव्हायडर घरगुती कनेक्शनवर २५ पोर्ट बंदच ठेवतात, तिथे तुमची काही चूक नसते, ५८७ वरून लॉगिन करून एखाद्या रिलेतर्फे, म्हणजे तुमची मेल पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरतर्फे, मेल पाठवा. आणि राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या कनेक्शनच्या, पानावरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही प्रोव्हायडरच्या मोठ्या नॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटणाऱ्या व्यवस्थेमागे, आहात, कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरचा आत येणार नाही, पब्लिक आयपीच मागावा लागतो. अजून एक, बाहेरून चालतंय का हे घरच्या वायफायवर बसून तपासू नका, काही राउटर आतून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत आणि उगाच वाटतं की बंद आहे. मोबाइल डेटावरून बघा.

बरं, या टेबलावरच्या लॅपटॉपवर मी मुद्दाम एक गोष्ट बिघडवून ठेवलीय. कोणीतरी पुढे या, टेलनेट मारा, आणि एरर आली की सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचा.