पिसाची लेखणी आणि घोडेस्वारांचा लवाजमा

श्रोतेहो, नमस्कार. बरोक काळातली भव्य तैलचित्रे आपल्या परिचयाची असतात; त्याच काळातल्या, शाईच्या रेघांनी काढलेल्या घोडेस्वारांविषयी आज बोलायचे आहे.

२७ नोव्हेंबर १६३३ रोजी पोलंडचा राजा चौथा व्लादिस्लाव याचा वकील येझी ओसोलिन्स्की हा पोप आठवा अर्बन याच्या भेटीसाठी घोडे, उंट आणि भरजरी पोशाखातले स्वार घेऊन रोममध्ये शिरला. घोड्यांना सोन्याचे नाल मुद्दाम सैल ठोकले होते, ते वाटेत गळावेत आणि लोकांनी वेचावेत म्हणून, असे त्या वेळचे वृत्तांत सांगतात. श्रीमंती मिरवण्याची याहून बेफिकीर तऱ्हा मला तरी ठाऊक नाही. हा लवाजमा फ्लोरेन्सच्या स्तेफानो देल्ला बेल्ला या २३ वर्षांच्या चित्रकाराने सहा तांब्याच्या पत्र्यांवर एचिंगने, म्हणजे पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून त्यांचे छाप काढायच्या तंत्राने, उतरवला. मूळचा सोनारकामात तयार झालेला हा चित्रकार फ्लोरेन्सच्या मेदिची या राज्यकर्त्या घराण्याच्या आश्रयाला होता.

त्याची खरी करामत मात्र कागदावरच्या रेखाटनांत दिसते. हंसाच्या पिसाचे टोक तासून केलेली लेखणी जरा दाबली की फाकते आणि रेघ जाड उमटते. हात सैल सोडला की तीच रेघ केसासारखी बारीक होते. जवळच्या घोड्याची मान, छाती आणि उचललेला खूर ठसठशीत रेघांनी काढावा, त्यामागचे स्वार फिक्या रेघांत सोडावेत आणि अगदी मागे नुसती भाल्यांची टोके ठेवावीत, एवढ्यानेच मिरवणुकीची लांबी डोळ्यांना पटते. घोड्याच्या पाठीवरचा उजेड म्हणजे तर न रंगवलेला कोरा कागदच. माजुफळ आणि हिराकस यांपासून केलेली त्या काळची शाई काळीभोर उतरत असे. आज ती तपकिरी दिसते, ती जुनी झाल्यामुळे.

एचिंगमध्ये पत्र्यावरचे चित्र छापताना उलटे होते, डाव्याचे उजवे होते. म्हणून छापासाठी केलेल्या एखाद्या रेखाटनात स्वाराने तलवार डाव्या हातात धरलेली दिसली, तर त्याला लगेच डावखुरा ठरवू नये. छाप निघाला की ती उजव्या हातात येते.