धुक्यातला कोरिया: ‘द स्टील हेल्मेट’ कसा पाहावा

मंडळी, कमी पैशात काढलेला युद्धपट पाहताना आपण त्याला नकळत सूट देतो. ‘बजेटच्या मानानं बरा आहे’ म्हणतो आणि पुढं जातो. अमेरिकी दिग्दर्शक सॅम्युअल फुलरच्या, कोरियातल्या युद्धावरच्या ‘द स्टील हेल्मेट’ला अशी सूट देऊ नका. पैसा कुठं कुठं कमी पडला आणि तिथं दिग्दर्शकानं काय केलं, एवढंच बघत गेलात तरी या चित्रपटाची ताकद हाती लागेल.

आधी हिशेब मांडू. कोरियातलं युद्ध 25 जून 1950 ला पेटलं. फुलरनं त्याच वर्षी ऑक्टोबरात चित्रीकरण उरकलं आणि जानेवारी 1951 मध्ये चित्रपट लागलासुद्धा. खर्च सुमारे 1 लाख 4 हजार डॉलर, चित्रीकरणाचे दिवस 10, सैनिकांच्या गर्दीसाठी कॉलेजची 25 मुलं, टँक प्लायवुडचा. कोरियाचे डोंगर म्हणून दिसतं ते लॉस एंजेलिसमधलं ग्रिफिथ पार्क, आणि बुद्धमंदिर म्हणजे स्टुडिओतला एक सेट. लांबी 85 मिनिटं. म्हणजे रोज साडेआठ मिनिटांचा पक्का चित्रपट हाती लागायला हवा. मोठ्या स्टुडिओत दिवसाला दोन-तीन मिनिटं झाली तरी काम बरं झालं म्हणायचे.

दिवस खाते ती कॅमेऱ्याची हलवाहलव. जागा बदलली की दिवे नव्यानं लावा, नटांच्या जागा पुन्हा ठरवा, धूर पुन्हा सोडा. म्हणून प्रसंग शक्य तितका एकाच शॉटमध्ये चालू ठेवायचा, माणसं पुढं-मागं हलवायची आणि कट वाचवायचा. मंदिरातले संवाद पाहताना शॉट मोजा. कट लांबला की समोरच्या माणसाच्या तोंडावरून नजर काढायची सोय उरत नाही. बचत आणि परिणाम इथं एकाच दोरीनं बांधलेले आहेत.

दुसरी युक्ती धुक्याची. पार्कातली झाडी तीच ती आहे. उघड्या उजेडात पाच मिनिटांत ते ध्यानात आलं असतं आणि 25 माणसं मोजूनही झाली असती. धुकं सोडलं की वीस पावलांपलीकडचं जग मिटतं. आता पायदळाच्या सैनिकाच्या जागी उभे राहा. त्याला नकाशा दिसत नाही, आघाडी दिसत नाही; दिसतं ते समोरचं झुडूप, आणि गोळी कुठून आली हे कळत नाही. झाडावर लपलेल्या दोन नेमबाजांचा प्रसंग त्यामुळेच अंगावर येतो. फुलर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पहिल्या इन्फंट्री डिव्हिजनमधून उत्तर आफ्रिका, सिसिली आणि नॉर्मंडीत लढला होता. काय दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं.

सगळंच जमलंय असं नाही. शेवटच्या हल्ल्यात जुनं युद्धचित्रण जोडलं आहे आणि ते खुपतं. फिल्मचा दाणा वेगळा आहे, उजेड वेगळा आहे. मंदिरातून बंदूक रोखलेला माणूस आणि समोरून येणारी फौज एकाच दिवसाची वाटत नाहीत. हा दोष कबूल करावा.

आता मंदिराकडे नीट बघू. मोठी बुद्धमूर्ती, तिच्या पायाशी वायरलेस घेऊन बसलेली तुकडी, आणि पकडलेला उत्तर कोरियाचा मेजर. हा कैदी एकेकाला गाठून डिवचतो. कृष्णवर्णीय मेडिक थॉम्पसनला विचारतो, बसमध्ये तुला मागं बसवतात, मग कुणासाठी लढतोस? जपानी वंशाच्या सार्जंट टनाकाला आठवण करून देतो की त्याच्या लोकांना अमेरिकेनं छावण्यांत डांबलं होतं. त्या छावण्या 1942 च्या, आणि आत सुमारे 1 लाख 20 हजार माणसं. हॉलिवूडच्या पडद्यावर त्यांचा उल्लेख याआधी सापडत नाही. बसचा प्रश्न पडद्यावर आला तो बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या, अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातल्या बस-बहिष्काराआधी जवळजवळ पाच वर्षं. आणि फुलर सैनिकांच्या तोंडी भाषण घालत नाही. थॉम्पसन जखम बांधता बांधता सांगतो की शंभर वर्षांपूर्वी बसच मिळाली नसती, आज मागं बसतोय, पन्नास वर्षांनी कदाचित मध्ये बसेन. हात थांबत नाही. थॉम्पसन झालेल्या जेम्स एडवर्ड्सनं हे आवाज न चढवता म्हटलंय, म्हणून ते बोचतं.

नायक सार्जंट झॅक, म्हणजे जीन एव्हान्स, नावाजलेला नट नव्हता. दाढी वाढलेली, ओठात सिगार, बोलणं कडू. वाटेत पडलेल्या सैनिकाच्या प्रेताला हात लावू नका, असं तो बजावतो. तुकडीचा लेफ्टनंट ऐकत नाही, गळ्यातली ओळखपट्टी आणायला एकाला पाठवतो, आणि प्रेताला लावलेल्या स्फोटकाचा स्फोट होतो. नियम पाळला म्हणून एक माणूस गेला. यापुढे दोघांमधल्या प्रत्येक वाक्याला ही धार आहे.

झॅकच्या मागं लागलेला कोरियन पोरगा मारला जातो. पाठीवर कागदावर लिहिलेली प्रार्थना लावायची त्याची सवय. शेवटच्या कागदावर झॅकनं आपल्याला आपलं मानावं एवढंच मागणं. कैदी ते हसण्यावारी नेतो आणि झॅक त्या निःशस्त्र माणसावर गोळी झाडतो. लगेच भानावर येऊन त्यालाच वाचवायला धावतो. अमेरिकी लष्कराला हा प्रसंग झोंबला. युद्धात असं घडतं हे फुलरनं आपल्या जुन्या कमांडरकडून, जनरल जॉर्ज टेलर यांच्याकडून, वदवून घेतलं.

कोरियातल्या युद्धकैद्यांचा प्रश्न पुढं आपल्या दारातही आला. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या 22 हजारांवर कैद्यांना 1953-54 मध्ये भारतीय फौजेनं सांभाळलं, आणि तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. बंदूक हातात असताना कैद्याशी कसं वागायचं हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. झॅकचा तो प्रसंग हे ध्यानात ठेवून पाहा.

शेवटी ‘समाप्त’ येत नाही. या गोष्टीला शेवट नाही अशी अक्षरं येतात. तेव्हा शस्त्रसंधीला अजून अडीच वर्षं अवकाश होता.

आता सुरुवातीचा भाग पुन्हा लावू. श्रेयनामावली चालू असताना पडद्यावर गोळीनं भोक पडलेलं हेल्मेट आहे. अक्षरं संपतात, ते हलतं, खालून दोन डोळे दिसतात. झॅकचे हात पाठीमागं बांधलेले, कोपरावर जोर देता येत नाही, म्हणून तो छातीनं सरपटतो. मग गवतातून अनवाणी पाय येतात आणि वर बंदूक दिसते. पाय कुणाचे हे फुलर किती उशिरा दाखवतो, तिकडे लक्ष ठेवा. दिवे मालवा.