गाणं थांबलं की सदरा अनोळखी

नमस्कार, श्रोते हो.

ऑपेरा पहिल्यांदाच ऐकणारा माणूस हटकून विचारतो, ही मंडळी साधं बोलायचं सोडून गातात कशाला? आपल्या संगीत नाटकालाही हा प्रश्न चुकला नाही. आज ज्या ऑपेराबद्दल बोलायचं आहे, त्यात मात्र उत्तर थेट डॉक्टरच्या तपासणीतून मिळतं. यातला नायक गातो, कारण गुणगुणल्याशिवाय त्याला सदरा अंगात घालता येत नाही.

‘द मॅन हू मिस्टूक हिज वाइफ फॉर अ हॅट’, म्हणजे बायकोलाच टोपी समजलेला माणूस. संगीत मायकेल नायमन यांचं, संहिता ख्रिस्तोफर रॉलेन्स यांची. पहिला प्रयोग लंडनला २७ ऑक्टोबर १९८६ रोजी झाला. एकच अंक, साधारण तासाभराचा. गायक तिघंच: रुग्ण डॉ. पी, त्यांची पत्नी आणि डॉक्टर. साथीला मोठा वाद्यवृंद नाही; मोजकी तंतुवाद्यं, हार्प आणि पियानो. मूळ हकिकत मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी आपल्या रुग्णाबद्दल लिहिलेली, त्यांच्या १९८५च्या याच नावाच्या पुस्तकातली.

डॉ. पी हे गायक आणि संगीतशिक्षक. विद्यार्थी समोर उभा राहिला तरी ओळख पटेना. तो बोलला की लगेच पटे. मधुमेह झाला म्हणून ते नेत्रतज्ज्ञाकडे गेले. डोळे ठणठणीत निघाले, तेव्हा त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे धाडण्यात आलं. जमिनीवर पडलेली टाचणीसुद्धा त्यांना दिसायची. डावीकडे ठेवली तर कधी कधी सुटायची, एवढंच. बिघाड होता मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात. रेघ, रंग, आकार सगळं पोचत होतं, पण त्याची एक वस्तू होत नव्हती.

तपासणीतला हातमोज्याचा प्रसंग नीट ऐका. डॉक्टर हातमोजा पुढे करतात, हे काय? डॉ. पी निरखून सांगतात: एक सलग पृष्ठभाग, आत दुमडलेला, पाच फुगवटे असलेला. वर्णनात एकही चूक नाही. काहीतरी ठेवायची पिशवी असावी, असा त्यांचा तर्क. गुलाबाचंही तेच. लांबी सांगितली, लाल गुंडाळी सांगितली, हिरवी सरळ जोड सांगितली. ‘वास घेऊन बघा’ म्हटल्यावर क्षणात, अहाहा, गुलाब! नाकाने जे एका श्वासात केलं, ते डोळ्यांना पाच मिनिटांत जमलं नव्हतं.

दिग्दर्शकाची चूक होते ती इथेच. डॉ. पींना जग कसं दिसतं हे दाखवायला मागच्या पडद्यावर धूसर, वेडीवाकडी चित्रं टाकली, की सगळा अर्थ उलटा होतो. त्यांना धूसर दिसतच नव्हतं! गायक-नटाने चाचपडत चालणंही तितकंच चुकीचं. सॅक्स यांनी नजरेची बारीक नोंद केली आहे. ती चेहऱ्यावर स्थिरावत नसे. नाकावर जाई, तिथून उजव्या कानावर, हनुवटीवर, परत उजव्या डोळ्यावर. सुटे भाग मोजल्यासारखी. आणि समोरच्याकडे ते डोळ्यांपेक्षा कान वळवत. नटाला एवढं साधलं तर पडद्याची गरजच उरत नाही.

मग घर चालायचं कसं? पत्नी रोजचे कपडे रोजच्या जागी मांडून ठेवायच्या. डॉ. पी गुणगुणत ते चढवायचे, गुणगुणत जेवायचे. मूळ हकिकतीतला एक प्रसंग आहे. केक खाता खाता गाणं चाललेलं, तेवढ्यात दार जोरात वाजलं. सूर तुटला आणि हात जागीच थिजला. समोरचं टेबल परकं, केक परके. पत्नीने कॉफी ओतली, तिचा वास आला, आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

नायमन यांची ठाम, पुन्हा पुन्हा फिरून येणारी लय ऐकताना हा प्रसंग आठवावा. एरवी ती एकसुरी वाटू शकते. इथे ती माणसाला दिवसातून पुढे नेणारी काठी आहे. संगीतात शूमान या जर्मन संगीतकाराच्या गीतांचे अंश विणलेले आहेत. १८४०च्या ‘डिश्टरलीबं’ या गीतमालेतलं ‘इश ग्रोलं निश्ट’ तर डॉ. पी गातात. काळीज फुटलं तरी मनात राग नाही, असा जर्मन कवी हायनेच्या त्या कवितेचा भाव. चाचण्यांमध्ये अडखळणारा माणूस इथे एका सुरालाही चुकत नाही. त्यांचं संगीत शाबूत असल्याचा पुरावा म्हणून हा मला सगळ्यात वजनदार वाटतो.

भिंतीवरच्या, डॉ. पींनीच काढलेल्या चित्रांवरून मात्र डॉक्टर आणि पत्नी यांचा खटका उडतो. आधीची चित्रं हुबेहूब, नंतरची निव्वळ रेघा आणि ठिपके. डॉक्टरला त्यात आजार वाढताना दिसतो. पत्नी म्हणतात, ही कलावंताची वाढ आहे. दोघांचंही थोडं थोडं खरं असावं.

शेवटी सल्ला विचारल्यावर डॉक्टर औषध लिहून देत नाहीत. संगीत तुमच्या जगण्याच्या केंद्रस्थानी होतंच, आता तेच सगळं जगणं होऊ द्या, असं सुचवतात. आजार पुढे वाढतच गेला. डॉ. पी अखेरच्या दिवसांपर्यंत संगीत शिकवत राहिले.