देहधारण: बेथलेहेमचं बाळ आणि आपण सगळे

नमस्कार मंडळी. "शब्द देही झाला." नाताळात योहानाच्या शुभवर्तमानातलं हे वाक्य आपण ऐकतो. शब्द म्हणजे देवपुत्र; तो माणूस झाला, हेच देहधारण. पण तो देही झाला बेथलेहेमात, एका यहुदी घरात. मग माझ्याशी, तुमच्याशी, चर्चची पायरीही न चढलेल्या माणसाशी त्याचं नातं काय?

मला याचं उत्तर चौथ्या शतकातल्या एका वादात सापडलं. सिरियातल्या लाओदिकियाचा बिशप अपॉलिनारिस. ख्रिस्त खरा देव आहे, यासाठी हिरिरीने झगडलेला माणूस. पण त्याचं म्हणणं असं, की येशूचं शरीर माणसाचं, बुद्धीच्या जागी मात्र थेट देवाचा शब्द. माणसाचं मन चंचल, पापाकडे ओढ घेणारं; देवपुत्राला ते कसं चालेल? ऐकायला भक्तीचंच वाटतं, हो ना?

त्याच काळातला बिशप, नाझियान्झसचा ग्रेगरी मात्र हे ऐकून स्वस्थ बसला नाही. क्लेडोनियस नावाच्या धर्मगुरूला त्याने पत्रात लिहिलं: माणसातलं जे ख्रिस्ताने धारण केलं नाही, ते बरं झालं नाही. पहिला माणूस आदाम पापात अर्धाच पडला असता, तर अर्धंच धारण करून भागलं असतं. पण तो सगळाच पडला, आणि आधी घसरलं ते मनच! औषध नेमकं तिथेच लावायचं नाही, असं कसं चालेल? ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने अपॉलिनारिसच्या पंथाला नाकारलं.

म्हणून क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्रीची, गेथशेमाने बागेतली येशूची व्याकुळता मला इतकी जवळची वाटते. ती भीती खरी होती, माणसाच्या मनाची होती. रात्रभर तळमळणाऱ्या कुणाचंही मन त्याने वगळलेलं नाही.

पण एकाने माणूसपण घेतलं, ते सगळ्यांपर्यंत पोचतं कसं? चौथ्या शतकातलाच अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस, त्याचा दाखला ऐका. मोठा राजा शहरातल्या एकाच घरात मुक्कामाला येतो, पण मान अख्ख्या शहराला मिळतो आणि लुटारू तिकडे फिरकत नाहीत. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही म्हटलं, की देहधारणाने देवपुत्र एका अर्थी प्रत्येक माणसाशी जोडला गेला. प्रत्येक! फक्त बाप्तिस्मा झालेल्यांशी नव्हे.

मग सगळे आपोआप तारले गेले का? इथे वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांत मतभेद आहेत. बहुतेकांची शिकवण अशी, की नातं त्याने जोडलंय, होकार आपण द्यायचा. मलाही तेच पटतं. पण होकार न दिलेल्या माणसाकडे बघतानाही, हे घर राजाच्या शहराबाहेरचं आहे, असं मी म्हणू शकत नाही.