खिडकीआतले साक्षीदार: ‘वदरिंग हाइट्स’चे निवेदक

(दृश्य: यॉर्कशरचे माळरान. वाऱ्याचा आवाज. पडक्या शेतघराच्या दगडी भिंती.)

इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात, हॉवर्थ गावाबाहेरच्या उंच माळावर टॉप विदन्स नावाचे हे पडके शेतघर आहे. एमिली ब्राँटे हिच्या ‘वदरिंग हाइट्स’ या कादंबरीतले घर ते हेच, अशा समजुतीने वाचक दूरदूरहून येथे चालत येतात. भिंतीवर ब्राँटे सोसायटीने १९६४ साली बसवलेली पाटी मात्र त्यांना सांगते की, हे घर शाबूत होते तेव्हाही कादंबरीतल्या वर्णनाशी त्याचे साम्य नव्हते. फार तर त्याची जागा लेखिकेच्या मनात असू शकेल. कोणाच्या तरी सांगण्यावर विसंबून इतके चालत यावे आणि सांगणेच डळमळीत निघावे, हा अनुभव त्या कादंबरीच्या वाचकाला नवा नाही.

(दृश्य: हॉवर्थचे धर्मगुरूनिवास, म्हणजे ब्राँटे कुटुंबाचे घर; आतली जेवणाची खोली.)

डिसेंबर १८४७ मध्ये ही कादंबरी ‘एलिस बेल’ या टोपणनावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तीन खंडांच्या त्या संचातला शेवटचा खंड धाकटी बहीण ॲन हिच्या ‘ॲग्नेस ग्रे’ने व्यापला होता. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १८४८ रोजी, एमिली वयाच्या तिसाव्या वर्षी वारली. तिची दुसरी कादंबरी आली नाही. भूत, थडगे, कोंडून ठेवलेली माणसे, पिढ्यान्‌पिढ्या चालणारा सूड, अशी गॉथिक कादंबरीची सारी सामग्री या पुस्तकात आहे. परंतु ही कथा आपल्याला सांगितली जाते ती शेकोटीजवळ बसून शिवणकाम करणाऱ्या एका कारभारणीच्या तोंडून, आणि लिहून ठेवली जाते ती सर्दीतापाने अंथरुणाला खिळलेल्या एका भाडेकरूच्या हातून.

हा भाडेकरू म्हणजे लॉकवुड. १८०१ साली तो थ्रशक्रॉस ग्रेंज हे घर भाड्याने घेतो आणि घरमालक हीथक्लिफ याला भेटायला जातो. आपण माणूसघाणे आहोत, अशी त्याची स्वतःविषयी समजूत आहे. प्रत्यक्षात समुद्रकाठी भेटलेल्या एका तरुणीने त्याच्या नजरेला नजर दिली, तेव्हा तो गोगलगायीसारखा आत ओढला गेला, एवढीच त्याच्या वैराग्याची पुंजी. हीथक्लिफच्या घरात तो मेलेल्या सशांच्या ढिगाला मांजरे समजतो, आणि समोरच्या मुलीला आधी हीथक्लिफची बायको ठरवतो, मग त्याच घरातल्या हेअरटन या तरुणाची. पहिल्या दोन प्रकरणांतच लेखिकेने आपल्याला सावध केले आहे: या गृहस्थाच्या डोळ्यांवर फार भरवसा ठेवू नका.

(दृश्य: जुनी खिडकी. काचेवर फांदी आपटते आहे.)

त्याच रात्री तो त्या घरात मुक्काम करतो. स्वप्नात एका मुलीचा गारठलेला हात फुटक्या काचेतून आत येतो आणि त्याला धरून ठेवतो. घाबरलेला लॉकवुड ते मनगट काचेच्या धारेवर घासतो. रक्त वाहून अंथरूण भिजते. सभ्य, सुशिक्षित, स्वतःला हळवा मानणाऱ्या या माणसाकडून घडलेली ही क्रूरता मला हीथक्लिफच्या कित्येक दुष्कृत्यांपेक्षा अधिक अस्वस्थ करते. लॉकवुड निघून गेल्याचे समजून हीथक्लिफ खिडकी उघडतो आणि बाहेरच्या अंधाराला रडत हाका मारतो. लॉकवुड हे पाहतो. त्याला कळत मात्र काहीच नाही.

उलगडा करण्यासाठी मग ती कारभारीण, नेली डीन, येते. ती वदरिंग हाइट्स आणि थ्रशक्रॉस ग्रेंज या दोन्ही घरांत नांदलेली, वदरिंग हाइट्सच्या अर्नशॉ घराण्यातल्या हिंडलीबरोबर लहानाची मोठी झालेली, ग्रंथालयातली पुस्तके वाचून शहाणी झालेली बाई आहे. एमिलीची थोरली बहीण शार्लट ब्राँटे हिने १८५० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिला परोपकार आणि निष्ठा यांचा नमुना म्हटले. एका शतकानंतर, १९५८ मध्ये, जेम्स हॅफ्ली या समीक्षकाने तिलाच कादंबरीतली खलनायिका ठरवले. दोन्ही निवाडे टोकाचे आहेत. पण पुरावा दोघांनाही नेलीच्याच शब्दांत मिळतो, ही लेखिकेची करामत होय.

लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेले पोर, म्हणजे लहानगा हीथक्लिफ, हिंडलीचे वडील अर्नशॉ घरी आणतात, त्या रात्री नेली त्याला जिन्याच्या चौकात ठेवते, सकाळपर्यंत ते निघून जाईल या आशेने. मुलाचा उल्लेख ती ‘इट’ या नपुंसकलिंगी सर्वनामाने करते. मराठीत ‘ते पोर’ म्हणण्यात काही वावगे नाही, म्हणून अनुवादात हा काटा बोथट होतो. इंग्रजीत मात्र तो वस्तूसाठी वापरायचा शब्द आहे.

(दृश्य: स्वयंपाकघर, उंच पाठीचे लाकडी बाकडे.)

आणि नववे प्रकरण. हीथक्लिफशी लग्न केले तर आपली पायरी खाली येईल, असे हिंडलीची बहीण कॅथरिन नेलीला सांगते. बाकड्याच्या पाठीमागे हीथक्लिफ आहे. एवढे वाक्य ऐकून तो निःशब्द उठून जातो. नेली हे पाहते, दचकते, आणि कॅथरिनने कारण विचारल्यावर घरचा नोकर जोसेफ आल्याची थाप मारते. त्यानंतर कॅथरिन उच्चारते ते सर्वश्रुत वाक्य: मीच हीथक्लिफ आहे. ज्याने ते ऐकायला हवे होते तो तेथे नाही, आणि जिने ऐकले तिला ते मूर्खपणाचे वाटते. दोन पिढ्यांची धूळधाण त्या एका थापेमुळे झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण नेली हा प्रसंग सांगताना स्वतःकडे फारसा दोष घेत नाही, हे नजरेतून सुटू नये. पुढे कॅथरिन तीन दिवस खोलीत कोंडून घेते, तेव्हाही हे सोंग आहे असे मानून नेली तिच्या नवऱ्याला, एडगर लिंटनला, काही कळवत नाही.

त्या रात्री निघून गेलेला हीथक्लिफ तीन वर्षांनी पैसेवाला होऊन परततो. मधल्या काळात तो कुठे होता, हे कोणत्याही निवेदकाला ठाऊक नाही, म्हणून वाचकालाही नाही. त्याच्या कुळाविषयी जो तो आपापली अटकळ बांधतो. एडगरचे वडील, थोरले लिंटन, त्याला ‘लॅस्कर’, म्हणजे विलायती जहाजांवरचा हिंदुस्थानी किंवा पूर्वेकडचा खलाशी, म्हणतात; हा शब्द आपल्या ‘लष्कर’ शब्दाचाच भाऊबंद. नेली त्याची समजूत घालताना त्याला चीनच्या बादशहाचा आणि हिंदुस्थानी राणीचा मुलगा कल्पिते. हीथक्लिफशी लग्न झाल्यावर एडगरची बहीण इझाबेला पत्रातून विचारते की, हा माणूस आहे की सैतान. पात्राचे चित्र असे इतरांच्या भीतीतून आणि पूर्वग्रहांतून उभे राहते. आतून ते आपल्याला कधीच दाखवले जात नाही.

(दृश्य: संध्याकाळ. तीन थडगी, गवत.)

१८०२ च्या सप्टेंबरात लॉकवुड परत येतो, तेव्हा हीथक्लिफ मेलेला आहे. एक धनगराचा पोरगा रडत नेलीला सांगतो की, पलीकडे हीथक्लिफ आणि एक बाई उभी आहे. नेलीला काही दिसत नाही, पण मेंढ्याही पुढे सरकत नाहीत. ती शहाणपणाने त्याला खालच्या वाटेने पाठवते, आणि लगेच कबूल करते की, हल्ली अंधारात बाहेर पडायला आपल्याला आवडत नाही. लॉकवुड थडग्यांजवळ रेंगाळतो, मंद वारा ऐकतो, आणि अशा शांत मातीखाली कोणाला अस्वस्थ झोप कशी लागू शकेल, असे नवल करतो. खिडकीतला तो हात त्याला आठवतही नाही.