काळजीच्या दिवसांत हसावं का?

श्रोतेहो, प्रभूच्या नावाने सर्वांना सलाम.

मागे एका ताईंनी मला विचारलं, "घरात आजारपण, डोक्यावर कर्ज, मुलाच्या नोकरीचा पत्ता नाही. अशात हसू आलं तरी अपराध्यासारखं वाटतं. देवाला हे चालतं का?" प्रश्न अगदी खरा आहे. पुष्कळ भाविक माणसं काळजी करण्यालाच भक्ती समजून बसली आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढा. प्रभू येशू डोंगरावर बोलतो आहे. समोर गालील प्रांतातली कष्टकरी माणसं. काय खावं, काय पांघरावं, ही त्यांची रोजची विवंचना. त्यांना तो सांगतो, उद्याची चिंता करू नका. अध्याय इथे संपतो, भाषण मात्र चालूच राहतं. अध्यायांचे आकडे तर तेराव्या शतकात पडले. दोन-तीन वचनं पुढे जा. तिथे प्रभू एका माणसाचं चित्र रंगवतो. स्वतःच्या डोळ्यात अख्खं मुसळ, आणि हा गृहस्थ भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघाला आहे! जरा डोळ्यांपुढे आणा. हा वाकला, की मुसळ त्या बिचाऱ्याच्या कपाळावर बसणार. लोक हसले, असं शास्त्रात लिहिलेलं नाही. पण हसले असणारच, असं मला मनापासून वाटतं. त्यांची रिकामी पोटं प्रभूला ठाऊक होती, आणि तरीही त्याने त्यांच्यापुढे हे चित्र उभं केलं.

आता अब्राहामाची बायको सारा हिच्याकडे बघा. वय नव्वदीला टेकलेलं. तुला मुलगा होईल, हे तिने तंबूच्या दाराआडून ऐकलं आणि ती मनातल्या मनात हसली. त्या हसण्यात आनंद कुठला? वर्षानुवर्षांची निराशा होती. देवाने विचारलं तेव्हा घाबरून म्हणाली, मी हसले नाही. देव म्हणाला, नाही, तू हसलीसच. एवढंच. शिक्षा नाही, आणि दिलेला शब्दही मागे घेतला नाही. पुढे तिला मुलगा, इसहाक, झाला, तेव्हा तीच म्हणाली, देवाने मला हसवलं आहे. ऐकणारे सगळे माझ्याबरोबर हसतील.

आमच्या मंडळीतल्या एका घरी प्रार्थनेला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सुनेचं ऑपरेशन. आजी प्रार्थना करत होत्या, आवाज कापत होता. "हे दयाळू बापा, डॉक्टरांच्या हाताला यश दे, माझ्या लेकीला सांभाळ..." आणि त्याच दमात, डोळे मिटलेलेच, "किती शिट्ट्या झाल्या गं? डाळ लागेल!" आधी नात फिसकन हसली, मग सून, मग खुद्द आजी. भीती काही गेली नव्हती. पण सकाळपासून घास न उतरलेली सून म्हणाली, "पानं घ्या, मीपण बसते." आमेन राहूनच गेलं होतं, ते जेवणाआधी म्हटलं.

मात्र ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे, त्याला हसवायला जाऊ नका. रडणाऱ्यांबरोबर रडा, असं प्रेषित पौलाने रोमकरांस, म्हणजे रोममधल्या विश्वासणाऱ्यांना, पत्रात लिहिलं आहे. तिथे नुसतं शेजारी बसावं.

बाकी, आज संध्याकाळच्या प्रार्थनेत एखादं पोर खुदकन हसलं, तर त्याच्यावर डोळे वटारू नका. काय झालं ते विचारा, आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू द्या.